सूर्यावाचून जगणाऱ्या जीवांचा शोधक : सेर्गेई विनोग्राद्स्की

पृथ्वीवरील सकल जीवसृष्टीचा पोशिंदा सूर्य होय, हे आपणांस लहानपणापासून ठाऊक असते. हिरवे पान सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हवेतील कर्बद्विप्राणिल वायू आणि जमिनीतील पाणी यांपासून आपले अन्न सिद्ध करते. ते पान गाय खाते, गाईचे दूध आपण पितो. आणि मागे मागे जात हिशेब मांडू लागलो तर गाय काय किंवा आपण काय, दोघेही त्या पानाचेच, म्हणजे पर्यायाने सूर्याचेच ऋणी ठरतो. हा नियम इतका सर्वव्यापी दिसतो की, त्याला अपवाद असेल अशी शंका पुष्कळ काळपर्यंत फारशी कोणाच्या मनाला शिवली नाही.

पण जेथे सूर्याचा किरण कधीच पोचत नाही अशा जागाही पृथ्वीच्या पोटात आहेत. डोंगराखालच्या गुहा, त्या गुहांतून वाहणारे झरे, खडकाच्या भेगांतून साठलेले काळेभोर पाणी, ही त्यांपैकीच. अशा पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यातही एकाच पेशीचे बनलेले असंख्य जीव दृष्टीस पडतात. ते काय खाऊन जगतात? बहुतेक गुहांच्या बाबतीत याचे उत्तर सोपे असते. पावसाच्या पाण्याबरोबर झिरपलेला पालापाचोळ्याचा अंश, वटवाघुळांची विष्ठा, मेलेले किडे, अशी वरच्या प्रकाशमय जगाची उष्टीमाष्टी खाली पोचतात आणि त्यांवर तेथील संसार चालतो. परंतु जी गुहा सर्व बाजूंनी बंद आहे, जिच्यात वरचे पान काय, पाण्याचा थेंबही उतरत नाही, तेथे अन्न कोण शिजवितो?

या प्रश्नाचे उत्तर ज्या पुरुषाने दिले, त्याने ते कोणत्याही गुहेत शिरून दिले नव्हते. गंधकाच्या झऱ्यातील चिमूटभर पांढरे धागे आणि शेतातील मूठभर माती, एवढ्यावर त्याने ते शोधून काढले. त्या पुरुषाचे, सेर्गेई निकोलायेविच विनोग्राद्स्की यांचे चरित्र आम्ही या लेखात सांगणार आहोत.

सेर्गेईचा जन्म १८५६ सालच्या १ सप्टेंबर रोजी कीव्ह या नगरात झाला. कीव्ह आज युक्रेनची राजधानी आहे. त्या वेळी ते रशियन साम्राज्यात मोडत असे. घराणे सधन होते, अन्नवस्त्राची ददात नव्हती. मात्र या मुलाचे मन एका ठिकाणी स्थिर होण्यास बराच काळ लागला. विद्यापीठात जाऊन त्याने प्रथम कायद्याचा अभ्यास धरला. तो रुचेना, म्हणून सृष्टिविज्ञानाकडे वळला. तेथेही समाधान होईना, तेव्हा सर्व सोडून तो सेंट पीटर्सबर्ग येथील संगीत विद्यालयात दाखल झाला आणि लेशेटिट्स्की या विख्यात गुरूंच्या हाताखाली पियानो शिकू लागला. लेशेटिट्स्कींचा शिष्य होणे ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती. तरीही आपले आयुष्य संगीतावर उभे राहणार नाही, असे या तरुणास वाटू लागले. १८७७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या सुमारास, त्याने सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात पुन्हा सृष्टिविज्ञानाचे पहिले पान उघडले. या वेळी मात्र ते मिटले नाही.

मुलाने दोन-तीन वाटा बदलल्या म्हणजे घरची वडील मंडळी कपाळाला हात लावतात. हा मुलगा आता कशाच्याच कामाचा नाही, असा निकाल देऊन मोकळी होतात. विनोग्राद्स्कींचे उदाहरण अशा घरांनी अवश्य ध्यानात ठेवावे, असे आम्हांस वाटते. पियानोपुढे तासन्‌तास बसून एकच सूर पुनःपुन्हा घोटण्याची जी सवय त्यांस जडली असेल, ती पुढे सूक्ष्मदर्शकापुढे बसताना वाया गेली नसावी, असाही आमचा तर्क आहे.

सेंट पीटर्सबर्ग येथे वनस्पतिशास्त्रज्ञ फामिन्त्सिन हे त्यांचे गुरू होते. १८८१ साली विनोग्राद्स्की पदवीधर झाले. तत्पूर्वी १८७९ साली त्यांचा विवाह झाला होता. पत्नीचे नाव झिनाइदा. पुढे या दांपत्यास चार कन्या झाल्या. १८८५ साली विनोग्राद्स्की स्ट्रासबुर्ग येथे गेले. तेथे आंतोन द बारी या थोर वनस्पतिशास्त्रज्ञांची प्रयोगशाळा होती आणि देशोदेशींचे तरुण अभ्यासक तेथे जमत असत.

त्या दिवसांत सूक्ष्मजंतूंचे शास्त्र नुकतेच भरास येत होते. फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी रोगांचे जंतू एकामागून एक शोधून काढले होते, आणि जंतू म्हटला की रोग, अशी समजूत सर्वत्र रूढ होत चालली होती. विनोग्राद्स्कींनी मात्र रोगजंतूंकडे न जाता एका निरुपद्रवी जीवाची निवड केली. गंधकयुक्त झऱ्यांच्या पाण्यात पांढऱ्या रेशमाच्या गुंत्यासारखे काही तरी तरंगत असलेले दिसते. सूक्ष्मदर्शकातून पाहिले असता ते धागे म्हणजे एकाशेजारी एक जोडलेल्या जीवाणूंच्या माळा आहेत असे कळते. यांचे नाव बेगियाटोआ. या धाग्यांच्या आत गंधकाचे चकाकणारे कण भरलेले असतात, हे आधीच्या शास्त्रज्ञांनी पाहिले होते. ज्या पाण्यात हे धागे असतात त्यास कुजक्या अंड्यांसारखी दुर्गंधी येते. ती हायड्रोजन सल्फाइड या वायूची. हा वायू हे जीवाणूच निर्माण करीत असावेत, असा तोपर्यंतचा तर्क होता.

विनोग्राद्स्कींनी हा तर्क घासून पाहिला. त्यांची रीत अगदी साधी होती. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात काही धागे ठेवावयाचे, वर पातळ काच झाकावयाची, आणि तेच धागे दिवसामागून दिवस पाहत राहावयाचे. पाणी शिळे होऊ नये म्हणून ते दिवसातून अनेक वेळा बदलावयाचे. असे करताना त्यांनी धाग्यांना एकदा दुर्गंधी वायू मिसळलेले पाणी दिले, एकदा तो वायू नसलेले स्वच्छ पाणी दिले. स्वच्छ पाण्यात धाग्यांतील गंधकाचे कण हळूहळू विरून गेले. सर्व कण संपल्यावर धागे मलूल होऊन मरू लागले. वेळीच वायूयुक्त पाणी मिळाले तर त्यांच्या अंगी पुन्हा कण भरू लागत आणि ते टवटवीत होत. म्हणजे हा वायू ते निर्माण करीत नव्हते, तर तोच त्यांचा आहार होता! वायूचा प्राणवायूशी संयोग घडवून ते गंधक साठवीत, आणि वायू मिळेनासा झाला की त्या साठ्याचे गंधकाम्ल करून त्यातून निघणाऱ्या शक्तीवर गुजराण करीत. घरच्या चुलीत लाकूड जळते तसे यांच्या अंगी गंधक जळते, असे म्हटले तरी चालेल. फरक इतकाच की, येथे ज्वाळा नाही आणि धूरही नाही.

हा शोध १८८७ साली प्रसिद्ध झाला. त्यावेळी विनोग्राद्स्की अवघे एकतीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्यांनी लोहयुक्त पाण्यात तांबूस साय धरणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास केला आणि हे जीव लोहाच्या क्षारांवर अशीच उपजीविका करीत असावेत, असा सिद्धांत मांडला. त्यांनी पाहिलेल्या जातीविषयी पुढे शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. परंतु लोहावर जगणारे जीवाणू खरोखरच आहेत, हे नंतरच्या संशोधनाने निश्चित केले.

१८८८ च्या जानेवारीत द बारी यांचे निधन झाले. विनोग्राद्स्की स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे गेले आणि तेथे त्यांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम हाती घेतले. ते काम नीट समजावे म्हणून वाचकांस थोडे मागे नेणे आम्हांस भाग आहे.

शेण, मूत्र, मेलेली पाने आणि प्राणी जमिनीत कुजतात तेव्हा त्यांतून अमोनिया सुटतो. पुढे काही दिवसांनी तो अमोनिया नाहीसा होऊन त्याच जागी सोऱ्याच्या जातीचे क्षार आढळतात. पिकांस हे क्षार फार मानवतात. आपल्या देशात, विशेषतः बिहारात, गुरांच्या वाड्याजवळची आणि जुन्या भिंतींच्या पायथ्याची माती धुऊन सोरा काढण्याचा धंदा शतकानुशतके चालत आला. बंदुकीच्या दारूस तो लागत असल्यामुळे डच आणि इंग्रज व्यापारी कंपन्यांनी तो गलबते भरभरून युरोपात नेला. पण अमोनियाचा सोरा कोण करतो? १८७७ साली श्लोझिंग आणि म्यून्त्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि खडू भरलेल्या नळीतून गटाराचे पाणी सावकाश झिरपविले. सुमारे वीस दिवसांनंतर पलीकडून येणाऱ्या पाण्यात सोऱ्याचे क्षार दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते बंद झाले. वाफ घालवून ताज्या मातीचे पाणी ओतले तेव्हा पुन्हा सुरू झाले. ज्याला क्लोरोफॉर्मने गुंगी येते ते जिवंतच असले पाहिजे! हे काम सूक्ष्मजंतूंचे आहे, एवढे ठरले. पण तो जंतू कोणास पकडता येईना. इंग्लंडमधील रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी या शोधात अनेक वर्षे घालविली. हे काम दोन टप्प्यांत होते, इथपर्यंत ते पोचले. परंतु जीव काही हाती लागला नाही.

हाती न लागण्याचे कारण विनोग्राद्स्कींनी ओळखले. कॉख यांच्या पद्धतीत जंतू वाढविण्यासाठी मांसाचा अर्क घातलेले जिलेटिन वापरीत. पाहुण्यास पंचपक्वान्नांचे ताट वाढावे तसे हे. पण पाहुणा व्रतस्थ असला तर? गंधकाच्या धाग्यांनी विनोग्राद्स्कींना जे शिकविले होते, तेच त्यांनी येथे लावून पाहिले. त्यांनी पक्वान्ने दूर सारली आणि पाण्यात केवळ अमोनियाचा क्षार व इतर थोडी खनिजे घातली. साखर नाही, मांसाचा अर्क नाही, वनस्पतीचा वा प्राण्याचा अंश म्हणून नाही. त्यात चिमूटभर माती टाकली. इतर सर्व जंतू अशा पाण्यात उपाशी राहिले. ज्याचा शोध चालला होता तो मात्र सुखाने वाढू लागला. घट्ट पृष्ठभागावर त्यास वेगळे करण्यासाठी जिलेटिनऐवजी त्यांनी वाळूच्या मूळ द्रव्यापासून, म्हणजे सिलिकापासून बनविलेला गोळा वापरला.

अशा रीतीने १८९० साली नायट्रीकरण करणारे जीवाणू जगापुढे आले. अमोनियापासून नायट्राइट करणारे एक आणि नायट्राइटपासून नायट्रेट करणारे दुसरे, असे हे दोन वेगळे गट आहेत, हेही लवकरच त्यांनी दाखवून दिले. आज त्यांतील प्रमुख जीवाणूंना नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही नावे आहेत.

परंतु खरी नवलाची गोष्ट याहूनही पुढे आहे. ज्या पाण्यात सेंद्रिय कर्ब मुळीच घातला नव्हता, त्यात हे जीवाणू वाढले. मग त्यांच्या देहातील कर्ब आला कोठून? विनोग्राद्स्कींनी मोजमाप केले. जीवाणूंनी जाळलेल्या अमोनियातील सुमारे ३५ भाग नत्रामागे १ भाग कर्ब त्यांच्या देहात जमा झाला होता, आणि हा कर्ब त्यांनी कर्बद्विप्राणिल वायूपासूनच घेतला होता. हिरव्या पानाचे काम हे जीव करीत होते. पण यांच्या अंगी हिरवा रंग नव्हता आणि सूर्यप्रकाशाची त्यांना गरज नव्हती. पान जी शक्ती उन्हातून घेते, ती हे खनिज जाळून मिळवीत. अंधारातही अन्न शिजू शकते, हे येथे प्रथमच वजनमापाने सिद्ध झाले. पुढे १८९७ साली जर्मन शास्त्रज्ञ पेफर यांनी या क्रियेस रसायनसंश्लेषण या अर्थाचे नाव दिले, तेच आज सर्वत्र रूढ आहे.

या कीर्तीमुळे पाश्चर यांच्या पॅरिसमधील संस्थेकडून विनोग्राद्स्कींना आमंत्रण आले. परंतु १८९१ साली त्यांनी मायदेशी परतून सेंट पीटर्सबर्ग येथील प्रायोगिक वैद्यकाच्या नव्या संस्थेत काम पत्करले. तेथे त्यांनी हवेतील नत्रवायू थेट धरून ठेवणारा, मातीत स्वतंत्रपणे राहणारा एक जीवाणू वेगळा केला आणि पाश्चर यांच्या सन्मानार्थ त्यास क्लॉस्ट्रिडियम पाश्चरियानम असे नाव दिले. १९०२ साली ते त्या संस्थेचे संचालक झाले. मात्र प्रकृती साथ देईना. १९०५ साली संचालकपद सोडून ते आपल्या जमिनीवर, युक्रेनमधील गोरोदोक या गावी, राहावयास गेले. शेती, अरण्य आणि संगीत यांत त्यांचा काळ जाऊ लागला. प्रयोगशाळेशी संबंध तुटला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या शास्त्रज्ञाचे कार्य संपले, असे कोणासही वाटले असते.

१९१७ साली रशियात राज्यक्रांती झाली. पाठोपाठ यादवी आली आणि जमीनदारांची घरेदारे उद्ध्वस्त झाली. १९२० साली विनोग्राद्स्कींनी ओडेसा बंदरातून एका फ्रेंच जहाजावर पाय ठेवला आणि देश सोडला. वय त्रेसष्ट वर्षांचे. घर गेलेले, जमीन गेलेली, आणि ज्या शास्त्रात नाव मिळविले त्यातील पंधरा वर्षांचे नवे काम डोळ्यांखालून गेलेले नाही. काही काळ स्वित्झर्लंडमध्ये काढून ते बेलग्रेड येथे अध्यापक झाले. तेथे संशोधनाची साधने अपुरी होती. ज्याने स्वतः या शास्त्राचा पाया घातला, त्याने त्या वयात पुस्तके उघडून विद्यार्थ्यासारखे ते पुन्हा वाचावयास घेतले.

१९२२ साली पाश्चर संस्थेचे प्रमुख एमील रू यांनी त्यांना बोलाविले. तीस वर्षांपूर्वी जे आमंत्रण दूर ठेवले होते, ते असे फिरून आले. पॅरिसजवळील ब्री-कोंत-रोबेर या गावी त्यांच्यासाठी मातीतील सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाची स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली, आणि वयाची पासष्टी उलटलेल्या या माणसाने सतरा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सूक्ष्मदर्शकास डोळा लावला. त्यांची कन्या हेलेना त्यांस कामात साहाय्य करीत असे.

या दुसऱ्या आयुष्यात त्यांनी एकच आग्रह धरला. प्रयोगशाळेच्या बाटलीत खाऊन-पिऊन माजलेला जंतू पाहून मातीतील जंतूची कल्पना करू नये. माती जशी आहे तशी घ्यावी आणि तिच्यातील जीव तेथेच पाहावे. मातीत काही जीव कायमचे रहिवासी असतात. ते सावकाश, अल्पसंतुष्टपणे जगतात. दुसरे काही ताजे अन्न पडताच एकाएकी वाढतात आणि ते संपताच निद्रिस्त होतात. जत्रेच्या दिवशी गावात माणसांची दाटी होते, पण म्हणून जत्रेकऱ्यांची शिरगणती करून गावाची लोकसंख्या ठरवू नये; तशातलाच हा प्रकार. हा भेद त्यांनी स्पष्ट केला आणि मातीच्या शास्त्रात तो आजही मानतात.

मानसन्मान आपल्या पावलांनी आले. १९२४ साली फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्यांना परदेशीय सभासद म्हणून निवडले. १९३५ साली सूक्ष्मजीवशास्त्रातील श्रेष्ठ मानले जाणारे लेव्हेनहुक पदक मिळाले. १९४८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने परदेशीय सदस्यत्व दिले. १९३९ साली पत्नीचा वियोग घडला. वयाची नव्वदी ओलांडल्यावर, १९४९ साली, त्यांनी मातीच्या सूक्ष्मजीवशास्त्रावरील आपले सर्व लेखन एका मोठ्या फ्रेंच ग्रंथात एकत्र करून प्रसिद्ध केले. १९५३ च्या फेब्रुवारीत, शहाण्णव वर्षांचे होऊन, ब्री-कोंत-रोबेर येथेच त्यांनी देह ठेवला.

चरित्र येथे संपते. पण ज्या गुहेपासून आम्ही आरंभ केला तिचे उत्तर अजून द्यावयाचे आहे.

गुहांतील जीवांचे शास्त्र रुमानियाचे एमील राकोवित्सा यांनी १९०७ साली एक दीर्घ निबंध लिहून उभे केले आणि १९२० साली क्लुज नगरात त्यासाठी जगातील पहिली संस्था स्थापन केली. त्याच रुमानियात, काळ्या समुद्राकाठच्या मांगालिया गावाजवळ, १९८६ साली वीजकेंद्रासाठी जागेची परीक्षा चालली असता खणलेल्या विहिरीसारख्या खड्ड्यातून अवचित एक गुहा लागली. क्रिस्तियान लास्कू हे भूशास्त्रज्ञ तीत प्रथम उतरले. मोव्हिले असे तिचे नाव. विनोग्राद्स्कींचा गंधकावरील शोध प्रसिद्ध झाल्यास त्या वेळी नव्याण्णव वर्षे झाली होती.

ही गुहा फार मोठी नाही. तिची सारी लांबी मिळून सुमारे २४० मीटर भरते. पण तिच्यावर मातीचे असे जाड कवच आहे की, पावसाचे पाणी आत झिरपत नाही. बाहेरच्या जगापासून ती सुमारे ५५ लाख वर्षे विलग राहिली असावी, असा अंदाज आहे. ज्या वर्षी ती सापडली, त्याच वर्षी चेर्नोबिलच्या अणुकेंद्रात स्फोट होऊन किरणोत्सारी धूळ त्या प्रदेशात पसरली होती. गुहेबाहेरच्या मातीत ती आढळली. गुहेत तिचा मागमूस नव्हता. खालच्या दालनात सुमारे २१ अंश उष्णतेचे पाणी आहे आणि त्यास विनोग्राद्स्कींच्या झऱ्यांसारखीच कुजक्या अंड्यांची दुर्गंधी येते. पाण्यावरच्या हवेत प्राणवायू शेकडा ७ ते १० एवढाच. आपल्या हवेत तो २१ असतो. दगडी छताखाली अडकलेल्या अशा हवेच्या पोकळ्यांत, पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा एक थर तरंगतो. हा थर म्हणजे गंधकाचा वायू आणि मिथेन जाळून अन्न करणाऱ्या जीवाणूंची वस्ती. त्यांवर एकपेशीय प्राणी आणि सूत्रकृमी चरतात. त्यांना खाणारे आणखी मोठे. आणि सर्वांवर जळवा, कोळी, गोम, आंधळा पाणविंचू असे शिकारी. १९९६ साली शास्त्रज्ञांनी या गुहेतील ४८ जातींच्या प्राण्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील ३३ जाती जगात अन्यत्र कोठेही आढळल्या नव्हत्या. या प्राण्यांच्या देहातील कर्बाच्या हलक्या आणि जड अणूंचे प्रमाण तपासले, तेव्हा ते वरच्या पानाफुलांशी जुळेना. जुळले ते त्या पांढऱ्या सायीशी. येथे अन्न शिजविणारे कोण, हे याने उघड झाले. झुरिकच्या प्रयोगशाळेत बाटलीतील पाण्यावर जो हिशेब मांडला होता, तो येथे एका अख्ख्या जगाचा हिशेब ठरला.

याच जातीचे दुसरे जग १९७७ साली प्रशांत महासागरात, गालापागोस बेटांजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर, समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांभोवती सापडले होते. तेथेही अन्नाचे मूळ जीवाणूच आहेत.

येथे एक सावधगिरीची सूचना विद्यार्थ्यांस देणे आमचे कर्तव्य आहे. मोव्हिलेमधील जीव सूर्याशी सर्वस्वी फारकत घेऊन जगतात, असे म्हणणे बरोबर होणार नाही. गंधक जाळण्यासाठी त्यांपैकी बहुतेकांस प्राणवायू लागतो, आणि पृथ्वीवरचा प्राणवायू हिरव्या वनस्पतींनी व तत्सम जीवांनीच उन्हात निर्माण केलेला आहे. म्हणजे अन्नाच्या बाबतीत ते स्वावलंबी असले, तरी श्वासाच्या बाबतीत त्यांची दूरची नाळ सूर्याशी जुळलेलीच आहे. शास्त्रातील नवल सांगताना त्याची मर्यादाही सांगावी, म्हणजे ते अधिक खरे होते.

आता कोणी म्हणेल, रुमानियातील गुहा आणि आपण यांचा संबंध काय? गोमंतकात आणि दक्षिण कोकणात जेथे जांभा दगड आहे, तेथे झरीच्या काठी, ओहोळाच्या संथ पाण्यात किंवा जुन्या विहिरीच्या पायऱ्यांशी तांबूस, बुळबुळीत साका आणि पाण्यावर तेलासारखा चमकणारा पापुद्रा अनेकदा दिसतो. कोणी तेल सांडले असावे, असे वाटते. काठीने तो पापुद्रा हलकेच मोडून पाहावा. तेल असेल तर ते पुन्हा एकत्र मिळते. लोहाचा पापुद्रा असेल तर काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहतात. अशा तांबूस साक्यात लोहावर जगणारे जीवाणू पुष्कळदा असतात. आणि घरच्या शेणखताच्या खड्ड्यात तर विनोग्राद्स्कींचे नायट्रीकरण करणारे जीवाणू रात्रंदिवस काम करीतच आहेत. त्यांच्यावाचून परसातले वांगे पोसले नसते.

विज्ञानवर्गातील मुलांसाठी त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा एक प्रयोग आम्ही सुचवितो. काचेची उंच बरणी घ्यावी. तळ्याच्या काठचा काळा चिखल आणून त्यात कागदाचे बारीक तुकडे, अंड्याच्या कवचाची पूड आणि फळ्यावरच्या खडूची पूड मिसळावी. हा खडू बहुधा जिप्समचा असतो, आणि जिप्सममध्ये गंधक असते. हे मिश्रण बरणीत भरून वर चार बोटे तळ्याचेच पाणी ओतावे, झाकण सैल ठेवावे आणि बरणी खिडकीशी मांडून एक-दोन महिने हलवू नये. हळूहळू चिखलात थर उमटू लागतील : तळाशी काळा, त्यावर हिरवट, मग जांभळट, वर तांबूस. हिरवट व जांभळट थरांतील जीवाणू प्रकाशाचा उपयोग करणारे आहेत, म्हणून बरणी उजेडात ठेवावयाची. पण चिखल आणि पाणी यांच्या सीमेवर कधी कधी एक पातळ पांढरी जाळीही धरते. ती प्रत्येक बरणीत धरेलच असे नाही. धरली तर तिच्यातील एक धागा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यात चकाकणारे कण दिसतात का, ते अवश्य पाहावे. ते दिसले, म्हणजे १८८७ साली स्ट्रासबुर्गमध्ये एका तरुणाने जे पाहिले, तेच आपल्या शाळेच्या खिडकीत आपणही पाहिले, असे समजावे. आणि बरणी उघडताना नाकास रुमाल लावण्यास मात्र विसरू नये.